मंत्रिमहोदय, ती सत्तेचाळीस पुस्तकं मी घरी नेली नाहीत

मा. शालेय शिक्षण मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस

सविनय नमस्कार.

नाशिक जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतून मी यंदा ३१ मेला निवृत्त झाले. नोकरीत असताना हे पत्र लिहिलं असतं, तर आधी खुलासा मागवला असता आणि पत्र नंतर कधीतरी वाचलं असतं. आता ती भीती नाही.

गेल्या मंगळवारी पेन्शनच्या फाइलसाठी ना-देय दाखला, म्हणजे माझ्याकडे काही येणं बाकी नाही असा कागद, आणायला कार्यालयात गेले होते. तिसरा हेलपाटा. दाखल्याऐवजी हातात वसुलीचं पत्र पडलं. ग्रंथालय प्रभारी या नात्याने माझ्या ताब्यातली ६४० पैकी ४७ पुस्तकं डेडस्टॉक रजिस्टरप्रमाणे, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीप्रमाणे, कमी भरतात, तरी रुपये २,९१४ भरावेत, तोवर दाखला मिळणार नाही. टेबलावरचा मुलगा तसा सभ्य होता. म्हणाला, "मॅडम, अशी केस पहिलीच बघतोय. बाकीच्या शाळांची पुस्तकं बरोब्बर भरतात."

भरणारच. तिथल्या कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये असते आणि ड्रॉवरची किल्ली त्यांच्या खिशात.

साहेब, दोन वर्षांपूर्वी १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, तुमच्याच खात्यातले एक मोठे अधिकारी आमच्या शाळेत आले होते. माइक हातात घेऊन म्हणाले, पुस्तक फाटलं तरी चालेल, हरवलं तरी चालेल, पण कपाटात राहता कामा नये, शिक्षकाला कुणी जाब विचारणार नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जोरात. आता कळतंय की टाळ्या वाजवण्याऐवजी ते वाक्य लिहून त्यावर सही-शिक्का घ्यायला हवा होता.

अकरा वर्षं मी ते ग्रंथालय चालवलं. ग्रंथालय म्हणजे व्हरांड्यात दोन खांबांना बांधलेली नायलॉनची दोरी आणि तिच्यावर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी अडकवलेली पुस्तकं. पोरं मधल्या सुट्टीत यायची, चिमटा काढायची, तिथेच फरशीवर बसायची. एकदा सहज सांगितलं की जगातल्या पुष्कळ ग्रंथालयांत पक्ष्यांच्या पुस्तकांना ५९८ हा नंबर असतो. दुसऱ्या दिवशी सगळ्या पक्ष्यांच्या पुस्तकांवर स्केचपेनने ५९८ आलेला. भुतांच्या गोष्टींना त्यांनी स्वतःच ००० दिला. का, तर "बाई, भुतं नसतातच ना."

शनिवारी आमचा शोध-तास असायचा. फळ्यावर एक प्रश्न, उत्तर पुस्तकातून शोधायचं आणि पान नंबर सांगायचा. पान नंबर नाही तर उत्तर नाही, हा एकच नियम. नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या पक्ष्यांवर एकदा प्रश्न दिला होता. चौथीतला एक पोरगा छातीठोकपणे म्हणाला, रोहित पक्षी रशियातून येतो. मागच्या ओळीतून एक मुलगी ओरडली, "पान नंबर?" त्याच्याकडे नव्हता. पाऊण तास दोघं पुस्तकं उपसत होते. अखेर तिला सापडलं की रोहित कच्छच्या रणात अंडी घालतो. मग नकाशा काढला, सुतळीने कच्छ ते नाशिक मोजलं. तो पोरगा हरला, पण पुढच्या शनिवारी तलवार बदकाचं पान नंबरासकट घेऊन आला. हे बदक मात्र खरंच उत्तरेकडून थंडीत येतं. त्याला रशिया सोडायचा नव्हता!

त्या पक्ष्यांच्या पुस्तकाचा कणा उसवला, पानं सुटली, खळीने चिकटवली, पुन्हा सुटली. तेही ४७ मध्ये आहे. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच म्हणजे पुस्तकं वापरासाठी असतात. तुमच्या रजिस्टरात वापराचा रकानाच नाही. आवक आहे, शिल्लक आहे, तूट आहे. माझी देवघेवीची वही, पोरांच्या वेड्यावाकड्या सह्यांची, मी तिथे टेबलावर ठेवली. "ही आमच्याकडे लागत नाही," म्हणाले.

बाकीची कुठे गेली तेही सांगते. द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं बागांवर कामाला येतात, पोरं आमच्या शाळेत बसतात. हंगाम संपला की एका रात्रीत बिऱ्हाड उठतं आणि दप्तरातलं पुस्तक दप्तरातच राहतं. निम्मी तरी अशी गेली. ती परत मागवायची मला लाज वाटली. दोन पाटाच्या पाण्यात पडली, एकाचं मुखपृष्ठ शेळीने खाल्लं. अकरा वर्षांत ४७ म्हणजे वर्षाला चार. निर्लेखनाचे, म्हणजे गेलेली पुस्तकं नोंदीतून कमी करण्याचे, प्रस्ताव मी दोनदा पाठवले होते. पोचपावती आहे, उत्तर नाही.

पैशाचं म्हणाल तर प्राथमिक शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून ग्रंथालयासाठी वर्षाला पाच हजारांपर्यंत मिळायची तरतूद आहे. आमचा पट १३८. माणशी छत्तीस रुपये, म्हणजे नाशकात दोन वडापावही धड येत नाहीत. तेही आमच्याकडे मार्चमध्ये यायचे आणि ३१ तारखेच्या आत खर्च करा म्हणून निरोप. दोरी, चिमटे, स्केचपेन, खळ, सगळं माझ्या पगारातून. त्याची पावती मी कधी मागितली नाही. मूर्ख होते.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं असं लिहिलंय. वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टीची पुस्तकंसुद्धा. त्याच कायद्याचं कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम लावू नका. २००९ चा कायदा. इतक्या वर्षांत मी काय काय मोजलं म्हणून सांगू! संडास मोजले, झाडं मोजली, ती जगली की मेली त्याचे फोटो अपलोड केले. रेंज नसली की टाकीवर चढून. गुडघे तिथेच गेले. डॉक्टर म्हणतात बदलावे लागतील, त्यासाठी ती पेन्शन हवी आहे आणि पेन्शनवर ४७ पुस्तकं बसली आहेत. आमचे हे म्हणतात, भरून टाक आणि मोकळी हो. तीन हजार रुपये मला जड नाहीत हो. पण भरले की मी चोरी कबूल केल्यासारखं होतं, आणि माझ्या जागी आलेली नवी मुलगी पहिल्याच दिवशी दोरी सोडून कुलूप आणेल. आणलंही असेल.

पहिलीपासून तिसऱ्या भाषेचे शासन निर्णय २०२५ मध्ये एप्रिलला निघाले, जूनला सुधारले आणि २९ जूनला रद्दही झाले. अडीच महिन्यांत काम तमाम! माझे निर्लेखनाचे दोन कागद मात्र वर्षानुवर्षं पडून. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, आम्ही शाळेत पेढे वाटले. दर २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या फोटोला हार. आमच्या नाशिक शहरात १८४० सालचं सार्वजनिक वाचनालय आहे, २०२१ मध्ये साहित्य संमेलन झालं. आता २०२७ च्या सिंहस्थासाठी हजारो कोटींची कामं चालली आहेत. होऊ देत, गोदामाईचं आहे. त्यातल्या सिमेंटची एक गोण कमी भरली तर कुणाच्या पेन्शनमधून कापतात, एवढं एकदा बघायला आवडेल.

मागणं दोनच. वसुली रद्द करा, आणि वापराने गेलेली पुस्तकं शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावावर निर्लेखित होतील असं लेखी काढा. दरवेळी वर फाइल पाठवायला लावू नका. आणि वसुली करायचीच असेल, तर मुलांना वाचायला दिलेलं पुस्तक शिक्षकाच्या खिशातून भरून घ्यावं हे कोणत्या शासन निर्णयात लिहिलंय, तो पाठवा. पान नंबरासकट.

ता. क. पत्र लिहून झालं आणि काल सुरगाण्याकडची एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. आता नववीत आहे. तिच्या पिशवीत माकडाच्या गोष्टींचं पुस्तक होतं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. धाकट्या भावाचंही वाचून झालं म्हणाली. तेव्हा ४६ राहिली. या एकाची किंमत २,९१४ मधून वजा होते का, तेवढं कळवावं.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
नाशिक