विचारलंत, आणि परत येऊन उत्तरही दिलंत... थँक्यू ताई

प्रिय ताई,

तुमचं नाव लिहीत नाही, सरकारी नोकरी आहे, उगाच तुम्हाला त्रास नको, पण वाचलंत की कळेलच. तुम्ही आमच्या दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक म्हणून यायच्या आधी मी तिथे चार खेपा घातल्या होत्या, अपंगत्वाचं जुनं सर्टिफिकेट ऑनलाइन करून युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं सरकारी ओळखपत्र, काढायचं होतं. लहानपणी पोलिओ झालेला, एका पायाला कॅलिपर, लांब जायचं तर व्हीलचेअर. आणि अपंगांचा बोर्ड, म्हणजे अपंगत्व तपासणारे डॉक्टर, बसायचा पहिल्या मजल्यावर, लिफ्ट बंद. भाऊ मला पाठुंगळी घेऊन जिना चढायचा. अडतीस वर्षांची बाई मी, भरल्या ओपीडीसमोर भावाच्या पाठीवर, साडी सावरत. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तुमचा फोन आला तेव्हा वाटलं ३ डिसेंबरच्या, अपंग दिनाच्या कार्यक्रमाचं बोलावणं असेल, पुढच्या रांगेत बसायचं, पाहुण्यांचं भाषण ऐकायचं, फोटो काढून घरी यायचं. तुम्ही म्हणालात, बुधवारी बोर्ड नसतो, मोकळं असतं, तुम्ही सहा जण या आणि गेटपासून बोर्डाच्या खोलीपर्यंत जाऊन दाखवा, मी वही घेऊन मागे मागे येते. रिक्षाचे पैसे पण दिलेत. कर्णबधिर दादांसाठी मूकबधिर शाळेतल्या सरांना खुणांच्या भाषेसाठी बोलावलंत, घरच्यांना नाही, कारण घरचं माणूस सोबत आलं की तेच बोलतं आणि ज्याचं काम आहे तो गप्प बसतो. हे तुम्हाला आधीच माहीत होतं याचंच मला फार वाटलं.

रॅम्पपाशी आपण टेप लावली होती आठवतंय? पायऱ्या तीन, उंची दीड फूट. नियम एक फुटाला बारा फूट, म्हणजे रॅम्प अठरा फूट हवा, भरला सात. वर गुळगुळीत फरशी. तुम्ही स्वतः व्हीलचेअरमध्ये बसलात, दोन्ही हातांनी चाकं ढकललीत आणि अर्ध्यावरून मागे आलात, वॉर्डबॉय धावला नसता तर पडला असतात. मग काहीच न बोलता वहीत आकडा लिहिलात. अपंगांच्या शौचालयात झाडू आणि फिनेलचे कॅन, दार आत उघडणारं, त्यामुळे खुर्ची आत गेली की दार लागतच नाही. दादा म्हणाले नाव ओरडून पुकारतात, माझा नंबर दोनदा गेला. अंध काका म्हणाले पुकारलेलं ऐकू येतं हो, पण जायचं कुठल्या खोलीत? आणि त्या स्वमग्न मुलाच्या आईने सांगितलं की गर्दीत तीन तास बसलं की तो स्वतःला चावायला लागतो, मग डॉक्टर विचारतात हा नेहमी असाच करतो का. तेव्हा तुमचं पेन थांबलं होतं, मी पाहिलं.

विचारणारे तसे खूप भेटतात हो. फॉर्म भरून घेतात, सूचना लिहून घेतात आणि मग ते कागद कुठे जातात देव जाणे. तुम्ही दीड महिन्याने सगळ्यांना परत बोलावलंत आणि वही उघडून एकेक मुद्दा वाचलात. बोर्ड खालच्या मजल्यावर आला. नंबर पुकारतात पण आणि खोली नंबरसकट फळ्यावर लिहितात पण. लहान मुलांना सकाळी पहिला नंबर. आणि जे नाही झालं तेही वाचलंत, रॅम्पचं पत्र बांधकाम विभागाकडे गेलंय, मंजुरी नाही, लिफ्टचं तेच. काका चिडले, तुम्ही ऐकून घेतलंत, आणि त्यांच्याच शब्दांत दुसरं पत्र लिहायला बसलात. आम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं सांगितलं नाहीत, यासाठी हे पत्र आहे ताई, बाकी सगळ्यापेक्षा जास्त.

भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा करार मान्य केला, त्यात आमच्याबद्दलचे निर्णय आम्हाला सोबत घेऊन करायचे असं लिहिलंय. २०१६ चा अपंग हक्क कायदा आला, ७ ऐवजी २१ प्रकारचं अपंगत्व धरलं गेलं. राजीव रतुरी स्वतः दृष्टिबाधित, ते या सोयींसाठी २००५ ला सुप्रीम कोर्टात गेले आणि नोव्हेंबर २०२४ च्या निकालात कोर्टाने सांगितलं की नुसत्या शिफारशी चालणार नाहीत, सक्तीचे नियम करा. आपल्या राज्यात २०२२ पासून दिव्यांगांसाठी वेगळा विभाग पण आहे. पण हे सगळं आमच्या दवाखान्याच्या दारापर्यंत यायला कुणीतरी वही घेऊन आमच्या मागे चालावं लागलं, आणि ते तुम्ही चाललात.

मागच्या महिन्यात माझं कार्ड आलं. त्यासाठी बोर्डाला गेलो त्या दिवशी भाऊ बाहेर चहा पीत होता आणि मी एकटी बोर्डासमोर गेले, माझ्या प्रश्नांची उत्तरं मीच दिली.

शौचालयाचं दार आता बाहेर उघडतं पण कडी अजून वरच आहे, बसून हात पोचत नाही. बुधवारी येतेय. टेप मी आणते, वही तुम्ही आणा.