वर उचलण्याआधी

परभणी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

गॅदरिंगसाठी ‘स्टार ट्रेक’ या अंतराळयानाच्या जुन्या अमेरिकन टीव्ही मालिकेचं विडंबन करायलीस, कॅप्टन जिंतूरच्या माळावर उतरणार, इथवर झकास. पण गायब व्हायचा सीन ॲपमधल्या तयार इफेक्टवर सोडू नको. त्या मालिकेचा जीवच तिथं आहे. १९६६ साली दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवणं परवडत नव्हतं, म्हणून माणसं विरघळवून पाठवायची युक्ती निघाली. काळ्या पडद्यापुढं ॲल्युमिनियमची पूड सोडली, मागून उजेड दिला आणि कॅमेरा उलटा धरून स्लो मोशनमध्ये टिपलं. झाली चकाकी!

तू पूड आणू नको. ती छातीत जाते, पेटते. रांगोळीवाल्याकडची बारीक चंदेरी चमकी घे, दोन चमचे पुरे. दुपारी दारातून उन्हाची तिरीप येते ना, तीच तुझी लाइट. खोली अंधारी कर, तिरिपीच्या मागं काळी मखमल टांग. सॅटिन नको, ते चमकतं आणि काळं काळं राहत नाही. पंखा बंद. चमकी गाळणीत घेऊन बोटानं हलकेच टिचकी मार. मुठीनं टाकलीस तर गोळे पडतात आणि अंतराळयानाऐवजी लग्नातल्या अक्षता वाटतात. मोबाईल स्लो मोशनला, सेकंदाला १२० फ्रेमवर ठेव. ट्यूबच्या उजेडात हे करू नको. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते आणि स्लो मोशनमध्ये पट्टे लपलपतात.

आता माणूस. मोबाईल स्टँडवर घट्ट, फोकस आणि एक्स्पोजर लॉक. कॅप्टन १० सेकंद स्तब्ध उभा. मग तो बाजूला होईल आणि तीच जागा रिकामी १० सेकंद. मधे मोबाईलला कुणी हात लावायचा नाही, केसभर हलला तरी मागचं बाभळीचं झाड उडी मारतं. ढग आला तर दोन्ही शॉट पुन्हा. एडिटिंगला खाली रिकामी जागा, वर कॅप्टन, त्याला दोन सेकंदांत फिका करत न्यायचं. सगळ्यात वर चमकी, ब्लेंड (थर एकमेकांत मिसळायची पद्धत) ‘स्क्रीन’वर, म्हणजे काळं गळून नुसते ठिपके उरतात. क्लिप १८० अंशांत फिरव, चमकी खालून वर चढेल. कॅप्टनच्या आकाराचा मास्क, म्हणजे चमकी तेवढ्याच भागात दाखवणारा साचा, मात्र लाव, नाहीतर अख्ख्या माळावर चांदणं पडेल.

यानाचे दरवाजे आपोआप उघडायचे ना, ते पडद्याआडून माणसं ओढायची. तुमचा थर्माकोलचा दरवाजाही दोरीनंच ओढा, ‘फस्स’ आवाज नंतर घाला.

आणि ‘बीम मी अप, स्कॉटी’, म्हणजे यानाच्या इंजिनिअरला ‘मला वर उचल’, हे गाजलेलं वाक्य त्या मूळ मालिकेत नेमकं असं कुणीच म्हटलेलं नाही. तेव्हा तुमच्या कॅप्टननं बिनधास्त ‘मालक, उचला की वर!’ म्हणावं, जास्त हशा येईल. लाल सदऱ्यावाल्याला पहिल्याच मिनिटाला मारायलात, ते चाहत्यांना आवडेलच, त्या मालिकेत लाल सदरेवाले सारखे मरायचे. पण स्कॉटी आणि यानावरची संदेश अधिकारी उहुरा हेही बहुतेक वेळा लाल कपडेच घालायचे आणि शेवटपर्यंत टिकले. एक लालवाला जिवंत ठेवा, जाणकार टाळी देईल.

चमकीखाली पेपर अंथर, पुन्हा भरून वापरता येते. कच्चं एडिट आधी मला धाड.

तुझे बाबा