अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळेचा फलक हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात मुंबईची वर्तमानपत्रे भरतीची वेळ आणि लाटांची उंची आवर्जून छापतात, आणि हाजी अलीच्या वाटेवर भरतीचे पाणी चढते हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तोच मुंबईकर थंडीतल्या सुट्टीच्या दिवशी गेटवेहून लाँच पकडून अलिबागला निघतो, तेव्हा मात्र तिथला समुद्र त्या दिवशी किती वाजता ओसरणार आहे, हे त्याला कोणीही सांगत नाही. तिकिटाच्या खिडकीवर, मांडव्याच्या धक्क्यावर किंवा अलिबागच्या किनाऱ्यावर मला तरी त्याची ठळक सूचना कुठे आढळली नाही. याविषयीच हे पत्र लिहीत आहे.

गेल्या जानेवारीत आम्ही दोन नातवंडांना घेऊन कुलाबा किल्ला पाहायला गेलो होतो. हा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात आहे आणि ओहोटीला तिथे पायी किंवा घोडागाडीने जाता येते. संकष्टी होती, तेव्हा किल्ल्यातल्या सिद्धिविनायकाचे दर्शनही घडेल असा विचार होता. मांडव्याला उतरून, लाँचच्याच तिकिटात मिळणाऱ्या बसने अलिबाग गाठले आणि किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. किल्ला समोर इतका जवळ दिसत होता की धाकट्याने चपला काढून हातात घेतल्या होत्या. परत येणाऱ्या शेवटच्या घोडागाडीचा घोडा गुडघाभर पाण्यातून चालत होता. गाडीवाल्याने आम्हाला पाहून मान हलवली आणि म्हणाला, "काका, नेईन मी, पण आणणार कसा? पाणी चढायला लागलंय." त्या दिवसाची ओहोटी सकाळी नऊला होऊन गेली होती आणि पुढची रात्री नऊला होती. मुलांनी किल्ला वाळूत बसूनच पाहिला. त्या माणसाचे मी मनापासून आभार मानतो, कारण भाडे सोडून त्याने आम्हाला खरे ते सांगितले. पण शेकडो पर्यटकांची सुरक्षितता एका गाडीवाल्याच्या सचोटीवर सोडून देणे योग्य नाही. किल्ल्यात अडकलेल्या पर्यटकांना होडीने बाहेर काढल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतोच.

वास्तविक ही वेळ काढणे अवघड नाही. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे हाती येते आणि तिच्या सहा तास मागेपुढे ओहोटी असते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनला आणि ओहोटी नऊला. ज्या दिनदर्शिकेत पाहून आम्ही संकष्टीचा दिवस निवडला, तिच्यातली तीच तिथी पाण्याची वेळही सांगत होती, हे मला घरी परतल्यावर उमगले. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असल्यामुळे ओहोटीला पाणी पुष्कळ मागे हटते, परंतु ओहोटी पहाटे सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येते, म्हणजे मुंबईहून एका दिवसात जाऊन येणाऱ्याच्या ती उपयोगाची नाही. अष्टमीला ओहोटी भर दुपारी सोयीच्या वेळी येते खरी, पण ती भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची मंद ओहोटी असल्यामुळे पाणी कमी उतरते आणि पायी जाण्याचा भरवसा धरता येत नाही. पंचमी, षष्ठी किंवा एकादशीच्या आसपासचे दिवस त्यातल्या त्यात बरे. अर्थात हा अंदाज झाला. नेमकी वेळ अधिकृत तक्त्यावरूनच द्यायला हवी, आणि असे तक्ते दरवर्षी आगाऊ तयार असतात.

कोणी म्हणेल, किल्ला नाही पाहिला तर काय बिघडले, किनारा आहे, उंटावरची रपेट आहे. मला हे पटत नाही. पुढच्या वेळी आम्ही पंचमी गाठून गेलो आणि तटाला हात लावून पाहिला. प्रचंड दगड एकावर एक नुसते रचलेले आहेत, त्यांच्या सांध्यांत चुना नाही, आणि लाट आपटली की पाणी त्या फटींत शिरून तिचा जोर मोडतो. शिवाजी महाराजांनी १६८० च्या मार्चमध्ये, म्हणजे निधनाच्या जेमतेम काही दिवस आधी, या किल्ल्याच्या कामाला हात घातला आणि संभाजी महाराजांनी ते पुरे केले. चारी बाजूंनी खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर आहे. थोरल्या नातवाने तिचे पाणी ओंजळीत घेऊन चाखल्यावरच त्याचा विश्वास बसला. हे किनाऱ्यावरून दिसत नाही.

फलक लावायचाच असेल, तर त्यावर ओहोटीची वेळ आणि किल्ल्यातून निघण्याची शेवटची वेळ मोठ्या मराठी अक्षरांत असावी, आणि ती वेळ होताच किल्ल्याच्या दरवाजाशी भोंगा वाजवण्याची व्यवस्था असावी. ज्या दिवशी ओहोटी गैरसोयीची असेल, त्या दिवशी गावात काय पाहता येईल हेही तिथेच लिहावे. १७२९ मध्ये निवर्तलेल्या कान्होजी आंग्रे यांची समाधी गावातच आहे, पण आमच्या बसमधल्या कोणालाही ती ठाऊक नव्हती. जवळच आक्षीला मराठीतल्या अगदी जुन्या शिलालेखांपैकी एक आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्यामुळे मुंबईतल्याच कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय निरीक्षणे बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला चुंबकीय वेधशाळा उभारली गेली. तिच्या बांधकामातून लोखंड कटाक्षाने टाळले आहे. आपल्या शहराशी इतके थेट नाते असलेली ही वास्तू निदान बाहेरून तरी मुंबईच्या मुलांनी पाहायला हवी.

हा विषय आता लांबणीवर टाकण्यासारखा राहिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि त्यांत थळसमोरच्या समुद्रातला खांदेरी आहे. तिथे होडीनेच जावे लागते आणि होडी धक्क्याला नीट लागणे हेही पाण्यावर अवलंबून असते. यंदाच्या हंगामात खांदेरी आणि कुलाबा दोन्हीकडे गर्दी वाढणार, त्यामुळे संबंधितांनी दिवाळीच्या सुट्टीआधी हे फलक लावावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्याकडेही एक मागणे आहे. भरतीची वेळ आपण पावसाळ्यात छापताच. मुंबई आणि अलिबागच्या वेळांत फारसा फरक पडत नाही. तेव्हा ऑक्टोबर ते मे या काळात दर शुक्रवारच्या अंकात शनिवार-रविवारच्या ओहोटीची वेळ दोन ओळींत दिलीत, तर लाँचचे तिकीट काढण्यापूर्वीच ती आम्हाला कळेल.

आपला,
एक नियमित वाचक,
गिरगाव, मुंबई