पंप तोंडात, औषध घशात

महोदय,

थंडीत मुंबईची हवा बिघडली की दम्याचे पंप जास्त खपतात. पण त्यातले बरेच औषध फुप्फुसांपर्यंत न जाता घशालाच चिकटते, कारण दाबणे आणि श्वास घेणे यांची वेळ जुळत नाही. पंप आधी हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, ओठ घट्ट मिटावेत आणि हळूहळू श्वास आत घ्यायला लागताच एकदा दाबावा. मग १० सेकंद श्वास रोखावा. पुढचा फवारा अर्ध्या मिनिटाने. (कॅप्सूलमधली पावडर ओढायच्या पंपाचे मात्र उलट, ती जोरात ओढायची.)

जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, घ्या. लहान मुलांना तो हवाच. तो साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन तसाच वाळू द्यावा. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर विद्युत साठते आणि औषध आतल्या बाजूलाच चिकटून बसते. स्टेरॉइडच्या पंपानंतर गुळणी करून थुंकावे, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. बरे वाटले म्हणून हा पंप परस्पर बंद करू नये. अटॅक टाळण्यासाठी रोज घ्यायचे औषध तेच.

आणि दमा असताना खिडक्या लावून रात्रभर डासांच्या कॉइलचा धूर करायचा, ही काय तऱ्हा? मच्छरदाणी लावा की! धूळ अडवायला पालिकेने २०२३ मध्ये ७० मीटरहून उंच बांधकामांभोवती ३५ फुटी पत्रे सक्तीचे केले. पण राडारोडा उघड्या डंपरमधून जाणार असेल, तर त्या पत्र्यांचा उपयोग काय?

– एक औषधविक्रेता, परळ