चि. मयुरीस, चार्जिंगबद्दल

ता. धामणगाव रेल्वे, जि. अमरावती
रविवार, ७ डिसेंबर २०२५

चि. मयुरी, अनेक आशीर्वाद.

गाडी वेळेवर पोचली हे तुझ्या आईकडून कळलं. फोनवर तू ‘हो बाबा, हो बाबा’ म्हणते आणि विषय तिथंच मिटतो, म्हणून लिहायला बसलो. गुरुवारचं बोलणं पुन्हा उकरायचं नाही असं ठरवलं आहे. तू ताटावरून अर्धी उठली ते आईला लागलं, मलाही लागलं. पण कापसाच्या खोलीत, तू वावरातली जनावरं हाकायला केलेल्या रोबोगाडीची ती बॅटरी पाहिल्यावर गप्प राहणं माझ्याच्यानं होणार नव्हतं.

तू घाईत होती, तुला ती नीट दिसलीही नसेल. बिस्किटाच्या पुड्याएवढा पॅक, पण पोट इतकं फुगलेलं की वरचं निळं प्लास्टिक कडेला तडकायला आलेलं. अंगठ्यानं हलकेच दाबलं तर आत हवा सरकली. वास गोडसर, नेलपॉलिशचा येतो तसा. पिवळं कनेक्टर कापसात रुतलेलं, आणि वर आढ्यापर्यंत यंदाचा सगळा वेचा. लांब धाग्याला ८,११० हमीभाव आहे म्हणून आपण थांबलो, ‘कपास किसान’ अॅपवर नोंदणीही तूच करून दिली. आता नंबर लागेपर्यंत कापूस घरातच राहणार. नानाजींच्या गंजीला लागलेल्या आगीचं तुला माहीत आहे. ते मी लिहीत नाही.

पॅक आता लोखंडी घमेल्यात वाळूत पुरून निंबाच्या पलीकडे ठेवला आहे. भंगारवाला मागत होता, त्याला दिला नाही. तो सगळं हातोडीनं फोडून पाहतो आणि ही वस्तू फोडायची नसते. २०२२ च्या नियमांप्रमाणे अशा बॅटऱ्या बनवणाऱ्यांनीच परत घ्यायच्या आहेत. पुण्यात कुठं जमा करतात ते तू विचार, मी अमरावतीला विचारतो.

चार्जर खराब असेल असं तू म्हणाली. मला तसं वाटत नाही. ओलित झालेल्या हरभऱ्यात रोबो पाटाच्या कडेला रुतला होता, आठवते? आपली काळी माती ओली झाली की चाकाला अशी धरते की चाक फिरायचं नावच घेत नाही. चाक थांबलं, पण मोटरची सप्लाय चालूच राहिली. फिरती मोटर स्वतःच उलटा दाब तयार करते, म्हणून करंट आटोक्यात राहतो. ती जाम झाली की तो दाब संपला, मग बॅटरी देईल तेवढं ती ओढत राहते. माझ्या दुकानात जळून येणारे पंप बहुतेक याच दुखण्याचे असतात. गाळानं जाम झाले, नाहीतर एक फेज गेला, आणि करंट वाढला की लाइन तोडणारा स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले कोणीतरी बायपास करून ठेवलेला. थ्री फेजची मोटर जाम झाली तर पाच-सहापट करंट खेचते. वाइंडिंगचा वास रस्त्यापर्यंत येतो, तो तुला लहानपणापासून ओळखता येतो.

तुझा पॅक ११.१ व्होल्टचा, तीन सेलचा. एक सेल पूर्ण भरला की ४.२, आणि ३ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, हे तूच माझ्या दुकानाच्या वहीत लिहून दिलं आहे. त्या सकाळी मी मीटर लावला तर सगळा पॅक मिळून ६ च्या आत होता. चार्जर घेत नव्हता, तर तू दुसऱ्या मोडवर टाकून भरला. इतका खाली गेलेला सेल पुन्हा भरायचा नसतो. आतलं तांबं विरघळून भलत्या ठिकाणी जाऊन बसतं, वायू तयार होतो, त्याला बाहेर जायला वाट नाही. आपल्या इन्व्हर्टरची बॅटरी बिघडली तर आधी पाणी पिते, वास मारते, चार दिवस कुरकुर करते. लिथियम तेवढा वेळ देत नाही.

म्हणून सांगतो बेटा, रात्री चार्जिंगला लावून झोपत जाऊ नको. दिवसा ऑफिस असते, वेळ रात्रीच मिळतो, हे मला पटते. पण तिसऱ्या मजल्यावर तीन पोरी, एकच दरवाजा, खिडकीला गज, आणि टेबलावर पडद्याखाली तो चार्जर. तुम्ही झोपेत. जे करायचं ते सुट्टीच्या दिवशी जागं असताना कर, किंवा पहाटे उठून कर. शाळा घेत बसलो मी, राग मानू नको. तू इंजिनिअर आहे, मी मोटर भरणारा माणूस. तुला यातलं माझ्याहून जास्त कळते हे मी गावभर सांगत फिरतो.

आणि खरंच सांगतो. परवा ग्रामपंचायतीपुढे सरपंचांचा भाऊ म्हणाला, पोरीनं खेळण्यातली गाडी केली. मी त्याला रात्री वावरात घेऊन गेलो. धुऱ्यावरून तुझी गाडी हळूहळू निघाली, रोही, म्हणजे नीलगाई, हरभऱ्यात शिरायच्या बेतात होते, सेन्सरनं पकडलं, दिवा लागला, भोंगा वाजला, आणि कळप सगळा नाल्याकडे पळाला. तो काही बोलला नाही, पण परत येताना किती खर्च आला ते विचारत होता. डुकरं मात्र भोंग्याला सरावतात, त्याचं काहीतरी बघ. आवाज रोज बदलता आला तर बरं. झटका मशीनच्या तारा आहेतच, पण रोही उंच उडी मारून आत येते, तिथं तुझी गाडी कामाची. एवढ्या थंडीत जागलीला जाणं माझ्या छातीला सोसत नाही, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. तू न सांगताच हे सगळं केलं. दवाखान्यात दाखवलं आहे, आईला विचार, काळजीचं नाही.

पहिल्या पिवळ्या मोटरांचे गिअर ढेकळात झिजून गेले होते. नंतर तू धातूच्या गिअरच्या आणल्या ते बरोबर केलं. मोटरांना करंट पुरवणाऱ्या त्या जुन्या एल२९८एन ड्रायव्हर बोर्डाच्या हीटसिंकला हात लावला तर चटका बसायचा. दोन व्होल्ट तर तो स्वतःच खातो, असं तू म्हणाली तेव्हा माझ्या डोक्यात आलं की पोरगी आता मोजून बोलते.

टीव्हीचं सांगतो, म्हणजे बॅटरीचा विषय सुटेल. तू लावलेली स्टिक आजीनं ताब्यात घेतली आहे. रिमोटचं बटण दाबून “कीर्तन लाव व बाई” म्हणते. हिंदीत सांगितलं तर पटकन ऐकते, वऱ्हाडीत गडबडते. आजी म्हणते, “लेकरू नवं हाय, शिकन हळूहळू.” तुझी आई मात्र फ्री डिश काढू देत नाही, आणि मी तिच्या बाजूचा आहे. २००४ पासून ती सेवा सुरू आहे, महिन्याचं भाडं नाही, नेट लागत नाही, लाइट आली की चित्र आलं. स्टिकवर प्रसारभारतीचं वेव्हज अॅप टाकून घेतलं, सह्याद्री त्यावरही दिसते. बाकी प्रत्येक कंपनीचं वेगळं भाडं आणि हवं ते नेमकं दुसऱ्याकडे, हे मला पटत नाही. तू भरते त्यातलं एक तर इथं कोणी उघडतही नाही, ते बंद करून टाक. एचडीत तासाला तीन जीबीपर्यंत डेटा जातो. तुझ्या भावानं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सिनेमा लावला तर दिवसाचे दोन जीबी अर्ध्यावरच संपले. मी क्वालिटी कमी करून ठेवली. बत्तीस इंचावर मला तरी काही फरक दिसला नाही.

नेटवर सगळं उशिरा येते हे २ नोव्हेंबरला कळलं. आपल्या पोरी वर्ल्ड कप जिंकल्या त्या रात्री आम्ही स्टिकवर पाहत होतो, आणि दीप्ती शर्मा अजून धावत येत असतानाच शेजारी डिशवाल्यांकडे फटाके लागले. मग आमच्याकडे हरमनप्रीतनं झेल घेतला. आजी म्हणाली, त्यायले आधी कसं समजलं? तू फोनवर रडत होती. मीही बाहेर जाऊन उभा राहिलो थोडा वेळ. पोरींनी ५२ धावांनी सामना जिंकला आणि मला तू शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातून रिकाम्या हातानं आली होती ती संध्याकाळ आठवली. तुझा पंखा निकालाच्या वेळी फिरलाच नव्हता. त्यासाठी तू आईच्या माहेरच्या टेपची मोटर काढली होती आणि ती तुझ्याशी बोलत नव्हती. जेवण झाल्यावर तू दुकानात येऊन बेंचखाली बसली, सोल्डर निघालेली तार पुन्हा जोडली, पंखा फिरला, आणि तू कोणाला काही न सांगता झोपायला गेली. मी ते पाहिलं होतं.

कॅमेऱ्याचं म्हणशील तर कोठ्यातला चांगला आहे. गाय व्याली तेव्हा रात्री उठून चकरा माराव्या लागल्या नाहीत. ओसरीतला मी भिंतीकडे फिरवला. दुपारी बाया बसतात, त्यांना अवघड वाटते. तुला आम्हाला पाहावं वाटते हे समजते, तर व्हिडिओ कॉल करत जा.

आबाजींचा रेडिओ तू पाहिला नाही. आकाशवाणी नागपूरचा शेतीचा कार्यक्रम संपेपर्यंत घरात कोणी बोलायचं नाही. सेल उतरले की आबाजी ते काढून छपरावर उन्हात ठेवायचे, आणखी दोन-तीन दिवस रेडिओ बोलायचा. ते जस्ताचे सेल होते, त्यांना चालायचं. लिथियमला ऊन चालत नाही. मे महिन्यात इथं पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा तुझी गाडी पत्र्याखाली ठेवायची नाही, हेही सांगून ठेवतो. पुन्हा तिथंच आलो.

काय करू. २०१६ च्या मे अखेरीस पुलगावच्या दारूगोळा भांडाराला आग लागली ती रात्र माझ्या कानातून जात नाही. तुला अंथरुणातून उचलून अंगणात आणलं होतं, तू विचारत होती की आभाळ गरजते का. आग विझवायला गेलेली माणसं परत आली नाहीत. तिथला दारूगोळा कुठं आणि तुझी मूठभर बॅटरी कुठं, मला समजते. तरी कुठंही आग म्हटलं की मला त्या रात्रीचं अंगण दिसते.

नागपूरला मावशीकडे झाडू मारणारा रोबो आहे. तो मला आवडला. फरशीपेक्षा वायरींतच जास्त अडकतो, पण एक गोष्ट चोख करतो. चार्ज कमी झाला की आपणहून जागेवर जाऊन बसतो. तुझ्या गाडीला तेवढी अक्कल दे. व्होल्टेज खाली आलं की सगळं बंद, चाक जाम झालं की मोटर बंद. प्रोग्राममध्ये करशील ते कर, पण वायरीत फ्यूजही टाक. प्रोग्राम अडकू शकतो, फ्यूज आपलं काम करतो. मंगळवारी बंडूकाका पुण्याला येत आहेत. त्यांच्यासोबत फ्यूज, होल्डर, आणि पत्र्याचा एक डबा पाठवतो, आत सिमेंट शीट बसवली आहे. चार्जिंग त्यात ठेवूनच करायचं, बाथरूमजवळच्या फरशीवर, गादी-पडद्यापासून दूर. तूरडाळ आणि लोणचं वेगळ्या पिशवीत आहे. तू बॅगेत कपड्यांत गुंडाळून नेलेले दोन पॅक आधी मीटरनं तपास. त्यातला एकही सेल ३ व्होल्टच्या खाली असला तर तो पॅक भरू नको, नवीन घे. पैसे मी टाकतो, नाही म्हणू नको.

चाकांचं माझ्या मनात आहे ते असं. रबरी चाक आपल्या मातीत चालायचं नाही. चिखलणीला ट्रॅक्टरला लोखंडी जाळीची चाकं लावतात, तशी बारीक सळईची वेल्डिंग करून देतो, मागे माती खरवडायला एक पट्टी. मोटरचा शाफ्ट सहा मिलिमीटरचा आहे का, एका बाजूनं सपाट आहे का, आणि गाडीचं वजन बॅटरीसकट किती भरते, एवढं मोजून आईच्या फोनवर पाठव. संक्रांतीला येशील तोवर चारही चाकं तयार ठेवतो.

तुझा
बाबा