सत्तावीस मार्चचं वाचन

पुणे, 9 मार्च

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, परवा मी जागतिक रंगभूमी दिनाचा विषय काढला, तर "जागतिक-बिगतिक मोठ्या लोकांचं असतं, आपण आपला पाच नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन सांभाळावा" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. म्हणून हे पत्र. पत्र अर्ध्यात दुसऱ्याच्या हातात देता येत नाही.

आंतरराष्ट्रीय नाट्यसंस्था, आयटीआय, युनेस्कोच्या पुढाकाराने 1948 साली प्रागमध्ये सुरू झाली. महायुद्ध संपून जेमतेम तीन वर्षं झालेली. देशोदेशीच्या नाटकवाल्यांनी एकमेकांची नाटकं बघावीत, माणसं ओळखीची व्हावीत, ही त्यामागची ओढ. 1962 पासून दर 27 मार्चला, म्हणजे जागतिक रंगभूमी दिनाला, तिच्या वतीनं एखादा रंगकर्मी जगभरच्या नाटकवाल्यांना उद्देशून चार शब्दांचा संदेश लिहितो. पहिल्या वर्षी फ्रान्सचे झाँ कॉक्तो, 2002 साली आपले गिरीश कार्नाड. कार्नाडांनी थेट नाट्यशास्त्रातला पहिला प्रयोग काढला, असुरांनी उधळलेला!

आणि तुमची पाच नोव्हेंबर तरी कुठून आली? कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या दरबारी झाले, ते बघून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना सांगितलं, असं काही मराठीत करा. त्यातून पाच नोव्हेंबर 1843 चं 'सीता स्वयंवर'. बाहेरच्यांचा खेळ बघितला म्हणून आपला झाला ना? हे मला तुम्हीच सांगितलंय, भावे नाट्यमंदिराबाहेर भेळ खाताना. मी चौथीत होते.

तर काम असं. यंदा आमचा ग्रुप 27 तारखेला तो संदेश मराठीतून वाचणार आहे. भाषांतर माझं. पण ऑफिसात राहून माझं मराठी परिपत्रकासारखं झालंय. प्रास्ताविकात मी 'जागतिक सांस्कृतिक जाणिवेचे संवर्धन करण्याच्या दृष्टीने' असं लिहिलं होतं, मोठ्यानं वाचताना मलाच धाप लागली. तुम्ही तीस वर्षं विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलंत. नटाची जीभ कुठं अडखळणार, हे वाक्य कानावर पडलं की तुम्हाला कळतं. लाल जिलेटिन गुंडाळलेली बॅटरी, मांडीवर वही, पुढचा शब्द ओठांवर तयार. लहानपणी मी नाटकापेक्षा तुमचे ओठच जास्त बघितलेत.

आई, तू हसशील. नाटक म्हटलं की तुला तो डाळिंबी शालू आठवतो, सीतेला म्हणून नेलेला, आणि जनकाच्या दाढीचा गोंद पदराला घेऊन परत आलेला. माफी कुणीच मागितली नाही, बाबांनीसुद्धा. काढून ठेव, इथे एका ड्रायक्लीनरला दाखवते.

शनिवारी दुपारच्या गाडीनं येते. चार पानं आहेत, बाबा. दुरुस्त्या पेनानं करा, तुमची पेन्सिल दिसत नाही. भडंग घरचंच कर आई, लसूण जास्त घालून.

तुमची,
धाकटी