सूत्रकृमींची सुप्तावस्था केवळ उष्णतेने ठरत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उसाची मुळे खाणाऱ्या हुमणी या अळीच्या नियंत्रणासाठी वापरल्या जाणाऱ्या सूत्रकृमींविषयी, म्हणजे दोऱ्यासारख्या सूक्ष्म कृमींविषयी, आपल्या शेतीच्या पानावर आलेली माहिती आमच्या कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात उपयोगी पडणारी आहे. मात्र ‘उष्णता वाढली की हे कृमी सुप्तावस्थेत जातात’ हे त्यातील विधान अपुरे आहे. पत्र्याच्या खोलीत तापत ठेवलेल्या पाकिटातले कृमीही सुखरूप असतील, असा समज त्यातून होऊ शकतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

या सुप्तावस्थेचा सर्वाधिक अभ्यास सीनोरॅब्डायटिस एलिगन्स या सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या, जिवाणू खाऊन जगणाऱ्या कृमीवर झाला आहे. अन्न कमी पडले आणि इतर कृमींनी सोडलेल्या फेरोमोन या रासायनिक संकेतामुळे गर्दी जाणवली, तर त्याची कोवळी अळी नेहमीच्या तिसऱ्या अवस्थेऐवजी ‘डाउअर’ नावाची अवस्था धारण करते. तोंड बंद होते, कातडी चिवट बनते आणि एरवी दोन-तीन आठवडे जगणारा हा जीव साठवलेल्या चरबीवर काही महिने तग धरतो. सूक्ष्मदर्शकाखाली ही अळी काडीसारखी सरळ, निश्चल पडलेली दिसते. पण सुईचे टोक लागताच ती झपकन निसटते.

तापमान वाढले की या निर्णयाचे पारडे डाउअरच्या बाजूने झुकते. फेरोमोन तेवढेच असले तरी २५ अंश सेल्सियसला १५ अंशांपेक्षा जास्त अळ्या डाउअर होतात. जनुकांचा वाटा डॅफ-२ या जनुकावरून स्पष्ट दिसतो. इन्सुलिनसारखे संदेश टिपणारे प्रथिन तयार करणाऱ्या या जनुकात विशिष्ट बिघाड असलेले कृमी १५ अंशांना सरळ वाढतात, तर २५ अंशांना भरपूर अन्न असूनही जवळजवळ सगळेच डाउअर होतात. त्याच कृमींमध्ये डॅफ-१६ हे जनुकही निकामी केले, तर ते डाउअर होत नाहीत. उष्णतेने सदोष प्रथिन बिघडते, एवढ्यावर याचा उलगडा होईल असे वाटेल; परंतु दुसऱ्या एका संदेशमार्गातील डॅफ-७ हे जनुक पूर्ण निकामी असतानाही, म्हणजे बिघडायला त्याचे प्रथिनच नसतानाही, तापमानाचा हा फरक टिकून राहतो, म्हणजे ही निर्णयप्रक्रियाच मुळात तापमानाला संवेदनशील आहे. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो, कारण जनुक की परिस्थिती, या नेहमीच्या वादाला येथे जागाच उरत नाही.

हुमणीवर वापरल्या जाणाऱ्या हेटेरोरॅब्डायटिस या सूत्रकृमीची संसर्गक्षम अळी डाउअरशी समकक्ष अवस्थेत असते. तीही काही खात नाही. हुमणीच्या शरीरात शिरल्यावरच ती पुन्हा वाढू लागते आणि सोबत आणलेले जिवाणू तेथे सोडते. तोपर्यंत तिची शिदोरी म्हणजे अंगातली चरबी, आणि उष्ण जागी ती लवकर संपते. कोरडेपणा आणि ऊन तर तिला थेट मारक ठरतात.

तेव्हा पाकीट थंड व सावलीच्या जागी वेष्टनावरील सूचनेप्रमाणे ठेवावे, मुदत पाहावी आणि ओलसर जमिनीत संध्याकाळी वापर करावा, एवढी दुरुस्ती पावसाळ्यात हुमणीच्या लहान अळ्या दिसू लागण्यापूर्वी त्याच पानावर ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राणिशास्त्र अध्यापिका,
पलूस, जि. सांगली